बाबांचा मुंगीखाऊ

प्रिय आर्सेसियो,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यात फार काही शोधू नकोस.

तुझा लेख शाळेच्या भिंतीवर लागलाय. सव्वा कोटी वर्षांपूर्वीच्या मुंगीखाऊची कवटी ताताकोआच्या वाळवंटात 'मला सापडली', असं तू लिहितोस. तुला? हरवलेली शेळी शोधत तिथल्या घळीत उतरले ते बाबा. सदऱ्यात गुंडाळून ती घरी आणली ती बाबांनी. तू जन्मलाही नव्हतास. पुढे नाताळच्या देखाव्यात बाळ येशूशेजारी आपण ती गाढव म्हणून ठेवायचो. लांबुडकं तोंड, दात एकही नाही. शेजारची ओतिलिया दरवर्षी म्हणायची, गाढव म्हातारं झालं, आता याला मक्याची पेज भरवा. बाबा हसायचे नाहीत. हे गाढव नाही, कोण आहे ते माझा शिकलेला मुलगा सांगेल, म्हणायचे. त्यासाठी तुला राजधानीत पाठवलं. तू सांगितलंस, हे मान्य. इथे तेव्हा जंगल होतं, नद्या होत्या, आणि हे जनावर लांब जिभेने वाळवी टिपत फिरायचं, हे तुझ्या तोंडून ऐकून आई गावभर सांगत सुटली.

मग बाबांचं नाव लिहायला हात का थांबला? फोनवर म्हणालास, "ताई, शेळ्यांमागे फिरणारा माणूस शोध लावत नसतो. त्याला नुसती ठेच लागते." ठेच लागल्यावर दगडाला शिव्या घालून पुढे जाणारे ढीगभर असतात, आर्सेसियो. बाबा वाकले. कवटी घळीच्या कुठल्या थरातून निघाली, तेही तू अंदाजाने ठोकलंस. बाबा उरले नव्हते, आणि ती जागा ठाऊक असलेल्या आईला विचारायची तुला लाज वाटली.

शनिवारी चौकात तुझा सत्कार आहे. भाषण माझ्याकडे आहे. पाण्यासाठी, रस्त्यासाठी या गावात मीच गरजत आले, आणि यावेळी तुला उघडं पाडायची माझी पूर्ण तयारी होती. काल मी ते भाषण म्हणून बघत होते, ते आईने ऐकलं. अचिराच्या कंदाच्या पिठाची बिस्किटं वळता वळता म्हणाली, "नवरा गेला तो गेला. तू बोललीस तर पोरगाही या गावात पुन्हा पाऊल ठेवायचा नाही. मला वचन दे." दिलं. म्हणून जे चौकात बोलणार होते, ते इथे लिहिलं. शनिवारी मी एक शब्द बोलणार नाही, माइक तुझ्या हातात देईन. आई पहिल्या रांगेत असेल. कवटी कुणाला सापडली, ते तिच्या डोळ्यांत बघून सांग.

वचनात अडकलेली, तरीही तुझीच,
नोएमी