मालतीकाकूंचा हिरवा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

नाशिकच्या बागांमध्ये एकट्या बसणाऱ्यांना बोलायला कोणी मिळावं, म्हणून आम्ही ॲप केलं. गप्पांना तयार असलेल्याने हिरवा ठिपका लावायचा. नकाशावर तो पाहून दुसऱ्याने शेजारी येऊन बसायचं. साधंच होतं ना?

मालतीकाकू मागच्या गल्लीत एकट्या राहतात. ॲप वापरून बघायला मीच त्यांना दिलं. आज भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "अगं, एक जण रोज शेजारी येऊन बसतो. बोलत काहीच नाही. मी बाकडं बदललं, तर तिथेही हजर!"

"मग ठिपका बंद करायचा ना, काकू."

"आणि माझ्याशी बोलायला कोण येणार? तू? तुला वेळ कुठे असतो!"

घरी येऊन नकाशा उघडला. ठिपका काकूंच्या घरावर. वयस्कर माणसं रोज लावायला विसरतात, म्हणून तो आपोआप बंद होऊ नये, असं आम्हीच ठरवलं होतं. बागेतून घरी गेल्यावर काय, हे एकालाही सुचू नये? मला तरी?

ठिपका मी इथूनच बंद केला. थोड्या वेळाने ॲपच्या तक्रारींत निरोप आला. नाव नाही. "काकू घरात आहेत. दिवाही लागलाय. मग ठिपका का दिसत नाही?"

पोलिसांना फोन केला, मी स्वतः जाऊन काकूंना माझ्या घरी घेऊन आले. घाबरतील म्हणून कारण नीट सांगितलं नाही. बरोबर केलं का?

हे लिहितेय आणि त्या दारात उभ्या, हातात फोन. "इथे करमत नाही गं. लावू का ठिपका?"