कुणीतरी आधीच बसवून गेलंय

सोमवार, ६ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तू, तुझे अहो आणि तुझं शिलाई मशीन, तिघंही विनातक्रार चालत असाल असं धरून चालते. मी मजेत. गुडघा कुरकुरतो, पण या वयात कुणाचा नाही कुरकुरत.

पत्र बघून घाबरू नकोस आणि हसूही नकोस. जन्मभर कॉम्प्युटरपुढे बसलेली बाई कागद-पेन घेऊन बसली म्हणजे काही जग बुडालं नाही. फोनवर बोलायचं नाही असं ठरवलंय. का ते पुढे येईलच.

ऑफिसात सध्या एकच विषय चाललाय. आमचे प्रोग्रॅमर जे लिहितात ते आजवर बाहेरच्या एका कंपनीच्या मशीनवर राहायचं. कुणी काय बदललं, कुणी तपासलं, चाचणीत पास झालं की नाही, सगळं तिथेच. साहेबांना ते आता घरात हवंय. आपलं मशीन, आपली खोली, आपलं कुलूप. आम्ही दवाखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी काम करतो, एकाच्या रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात पडला तर केवढ्याला पडेल, त्यामुळे साहेबांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. हे सगळं बसवायचं कसं, ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

तुझ्या भाषेत सांगते. एक रस्ता तयार कपड्याचा. एक हुकूम द्यायचा, सगळं एका मशीनवर आपोआप बसतं. दुसऱ्या रस्त्यात एकेक भाग वेगवेगळ्या बंद डब्यात ठेवतात, त्याला कंटेनर म्हणतात. तिसरा म्हणजे मशीनची फौज, एक पडलं की दुसरं उभं. आणि चौथा माझा. कापड आणायचं, बेतायचं, स्वतः शिवायचं. मूळ प्रोग्रॅम आणून एकेक भाग हाताने जोडत न्यायचा. वेळ खातो, पण टाका न् टाका ओळखीचा राहतो. मी आजवर दुसरं काही केलेलं नाही.

नवीन आलेला एक जण फौजेच्या बाजूचा आहे. सर्व्हरच्या खोलीतला गारठा सोसत नाही म्हणून कायम लोकरीची टोपी घालतो, तेव्हा सगळे त्याला टोपीच म्हणतात. दोन मुलींचा बाप आहे, पण टोपी. मला म्हणाला, "मॅडम, हाताने बसवलेलं तुम्ही आहात तोवर चालतं. तुम्ही रजेवर गेलात की कुणी बघायचं?" मी म्हटलं, "मी रजेवर जातच नाही." सगळे हसले. तो नाही हसला.

आता मुद्द्यावर येते. शुक्रवारी मी नवीन मशीन उघडलं आणि बसवायला घेतलं, तर सगळं आधीच बसलेलं. हाताने, मुळापासून, आणि व्यवस्थित चालू. खोलीची किल्ली माझ्या गळ्यात, पासवर्ड माझ्या डोक्यात. तरी कुणीतरी आत आलं, माझं काम करून दार लावून निघून गेलं. चोर काहीतरी घेऊन जातो गं. हा ठेवून गेलाय, म्हणून जास्त भीती वाटते.

तेव्हा फोन नको. कोण ऐकत असेल सांगता येत नाही. आणि हो, गेल्या खेपेला तू म्हणालीस की हे मशीनचं माझं तुला आधी सांगून झालंय, तेही दोनदा. सांगितलं असेल. तू तरी कुठे नीट ऐकतेस, तोंडात टाचण्या आणि कान भलतीकडे.

दार नीट लावत जा.

तुझी ताई


बुधवार, १५ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

पत्र पोचलं. डॉक्टरांना दाखवलंस का, असं का विचारलंस कळलं नाही. गुडघ्याचंच म्हणत असशील. दाखवेन.

इकडे प्रकरण वाढलंय. मी ते सगळं पुसून टाकलं, पासवर्ड बदलला, आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेणार होते. सोमवारी गेले तर माझाच पासवर्ड मला आत घेईना. म्हणजे माझ्यामागून कुणीतरी तो परत बदलला. त्या खोलीला खिडकी नाही, आत पंखे घरघरत असतात, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी दाराकडे पाठ करून बसायचंच सोडलंय.

जो कुणी आहे त्याचा हात सफाईदार आहे, हे मात्र कबूल करते. पुसण्याआधी सगळं नीट बघितलं होतं, कामात कुठे घाई नाही. प्रत्येक बदलाच्या डोक्यावर तो का केला ते दोन ओळींत लिहिलेलं, अगदी मी लिहिते तसं. टोपीला ही सवय मीच लावली. म्हणजे बघ.

साहेबांनी विचारलं, कुणावर संशय? मी म्हटलं, नाव घेत नाही, पण पासवर्डची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे असावी म्हणून महिनाभर कोण माझ्या मागे लागलं होतं ते आठवा. झालं. टोपीला बोलावलं. त्याने काय सांगावं? साहेबांच्या देखत, शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या गुरुवारी दुपारभर तुम्हीच बसला होतात की त्या मशीनवर. मी चहा आणून दिला. साखर कमी आहे म्हणालात."

केवढा हा धीटपणा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मी त्याला नाही नाही ते बोलले. घरी दोन मुली आहेत तर असले धंदे करताना लाज वाटत नाही का, इथवर बोलले. तो टोपी काढून हातात धरून उभा राहिला. येत्या सोमवारी त्याने ओळखपत्र जमा करायचं, असं साहेबांनी सांगितलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

एक विचारायचं होतं. आईने हाकललेली ती धुण्याभांड्याची बाई, तिचं पुढे काय झालं, तुला काही ठाऊक आहे का? सहज आठवलं.

तुझी ताई


शनिवार, १८ फेब्रुवारी

ठमे,

आज क्षेमकुशल राहू दे.

पहिल्या दिवशीच मला एक गोष्ट दिसली होती, ती तुला लिहिली नाही. त्या मशीनवर सगळ्याची एक जादा प्रत जपून ठेवायची जागा असते. तिला बसवणारा हवं ते नाव देतो. त्या माणसाने नाव दिलं होतं 'फडताळ'.

आठवतंय ना? आपलं दोघींचं. आईपासून काही लपवायचं असलं की तू म्हणायचीस, फडताळात टाक. प्रगतिपुस्तकं, फुटलेली बशी, तुला आलेली ती चिठ्ठी. आपल्या दोघींखेरीज हे कुणाला माहीत नाही, आणि तुला तर साधा ईमेल पाठवता येत नाही.

आणि मी काय केलं, तर सगळं पुसलं. वर चोराच्या नावाने ओरडत सुटले. मग पासवर्ड दुसऱ्यांदा कुणी बदलला हेही परवा कळलं. घरी पर्समध्ये नव्या पासवर्डची चिठ्ठी सापडली, माझ्याच अक्षरात. चहाचं मला अजूनही आठवत नाही गं. तो गुरुवार शोधून शोधून दमले. बुधवार सापडतो, शुक्रवार सापडतो, मधला नाहीच. पण साखर कमी आहे असं मीच म्हणणार, यात काही शंका नाही.

फोन चोरामुळे बंद केला नव्हता. फोनवर तू माझा आवाज ऐकला असतास आणि दोन मिनिटांत ओळखलं असतंस. आईच्या वेळी पहिलं तूच ओळखलंस आणि मी तुझ्यावर चिडले होते. आईचे कानातले पिठाच्या डब्यात सापडले तेव्हा ती बाई जाऊन किती दिवस झाले होते. तिला परत बोलवायला कुणी गेलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथे तर चोरसुद्धा नव्हता.

मला भीती वाटते, ठमे. मरणाची नाही. कुणावरही बोट दाखवून, मनापासून खरं मानून, खोटं बोलण्याची वाटते.

काल साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी समजूत काढली, ताण असेल म्हणाले. मी हट्ट धरला तेव्हा टोपीला बोलावलं. मी हात जोडले तर म्हणाला, "मॅडम, असं करू नका, मला अवघड होतं." राहतोय तो. मग आम्ही दोघांनी ठरवलं. माझी शिवणकामाची पद्धत नको आणि त्याची फौजही नको, आमच्या एवढ्याशा बिऱ्हाडाला फौज कशाला. तयार कपडा घ्यायचा. कुणीही एका हुकमात बसवावं, एका हुकमात नवं करावं आणि कुणाच्या डोक्यात काही राहायची गरज पडू नये. जन्मभर ज्याला मी आळशांचं काम म्हणत आले, तेच. टोपीने बसवलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसले, हात मांडीवर. दुपारच्या चहाआधी चालूसुद्धा झालं. जादा प्रतीच्या जागेला नाव काय देऊ, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना कळेल असं काहीही दे.

गळ्यातली किल्ली त्याला दिली. मान हलकी लागते, सारखा हात तिथे जातो.

डॉक्टरांकडे बुधवारी जायचंय. तू ये. एकटी गेले तर ते काय म्हणाले ते तुला नीट सांगेन याची खात्री नाही.

आणि हे पत्र टाकू नकोस. कधीतरी मी तुला फोन करीन आणि सांगेन की टोपी चोर आहे, त्याने माझी किल्ली पळवली, माझं काम हिसकावलं. फार पटेल असं सांगेन, तुला माझं तोंड माहीत आहे. तेव्हा वाद घालू नकोस, हे माझ्यापुढे धर. मी हे लिहिलेलंच नाही म्हणाले, तर अक्षर दाखव.

आता पाकीट घ्यायला उठले होते. टेबलावर तुझ्या पत्त्याचं एक पाकीट आधीच तयार आहे, चिकटवलेलं, तिकीट लावलेलं. हातात धरलं तर जाड लागतं. कधी लिहिलं ते आठवत नाही, आणि उघडायचा धीर होत नाही. दोन्ही पाठवते. त्यात टोपीला शिव्या असतील तर त्या माझ्याच आहेत, पण खरं हे मान.

आज तरी तुझीच,
ताई