शेवटची आठ पानं

प्रिय धाकट्या,

हे पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या छापखान्याचा ड्रायव्हर आहे. त्याला आत बसव, चहा दे, आणि तुझं वाचून होईपर्यंत परत पाठवू नकोस. फोन तू बंद ठेवला आहेस. पुस्तक हातावेगळं झालं की आठ दिवस कुणाशी बोलायचं नाही, हा तुझा नेम मला ठाऊक आहे, आणि एरवी मी तो मोडला नसता. पण उद्या सकाळी आठ वाजता तुझ्या कादंबरीचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकाच तावावर छापायची शेवटची आठ पानं, यंत्रावर चढणार आहे. त्या फॉर्मवर मी सही केली होती. काल संध्याकाळी तो छपाईच्या प्लेट बनवतात त्या प्लेटच्या खोलीतून परत आणून मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. फोरमनला सांगितलं, एक शंका आहे. एकतीस वर्षं प्रुफं तपासतोय, पण सही केलेला कागद कधी परत मागितला नव्हता. तो म्हणाला, "तुम्हालाच शंका यायला लागल्या तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" हसत म्हणाला, पण मुदत दिली ती उद्या आठचीच. तोवर लेखकाची चिठ्ठी आली नाही, तर आहे तसं छापून मोकळं व्हायचं.

शंका शुद्धलेखनाची नाही. त्या शेवटच्या आठ पानांत एक काना-मात्रा चुकलेली नाही. त्याआधीची सहाशे बत्तीस पानं तर तू अशी बांधलीस की मला बाबांच्या हातची कपाटं आठवली. खिळा कुठे दिसत नाही आणि सांधा कुठे हलत नाही. पहिल्याच प्रकरणात सुताराच्या कारखान्यात वीज जाते आणि गोल करवत थांबते. बटणापाशी थोरली मुलगी उभी असते. ती बटण खाली करून बंद करते आणि आईने हाक मारली म्हणून घरात जाते. सुतार पात्याजवळ अडकलेली ढलपी काढायला वाकतो. तेवढ्यात वीज येते, करवत फिरते आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं जातात. सगळे धावतात तेव्हा बटण वर असतं. ते नंतर कुणी वर केलं, की मुलीने खाली केलंच नव्हतं? एवढ्या एका प्रश्नावर तू चाळीस प्रकरणं चालवलीस. बाप मुलीशी बोलणं टाकतो. समोर बसलेल्या लेकीला 'तिला सांगा' म्हणून निरोप देतो. मुलगी घर सोडते. धाकटा भाऊ मोठा होतो, नाव कमावतो, पण बहिणीसमोर त्याची मान वर होत नाही. चाळिसाव्या प्रकरणाच्या शेवटी तो तिच्या दारात उभा आहे, बोट घंटीवर आहे. पान उलटताना माझ्यासारख्या सरावलेल्या माणसाचाही हात थांबला.

आणि एकेचाळिसाव्या प्रकरणात एक वायरमन येतो. सहाशे पानांत ज्याचा मागमूस नव्हता, तो बटणाची जुनी पेटी उघडतो आणि सांगतो, हे बटण पहिल्यापासूनच नादुरुस्त होतं, आपोआप वर उडायचं. म्हणजे कुणाचीच चूक नाही. सगळे रडतात, सगळे गळ्यात पडतात, आणि खाली 'समाप्त'.

आमच्या मांडणीवाल्या बाई तुझा मजकूर पानांत बसवता बसवता वाचत होत्या. रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारायच्या, "भाऊ, बहिणीला कळणार ना हो? नाही कळलं तर मी नोकरी सोडीन." काल त्यांनी शेवटची पानं लावली आणि डबा तसाच बंद ठेवून माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "तुमच्या भावाला सांगा, घोड्यावर बसवून आणलंत आणि दारात गाढवावरून उतरवलंत!" मग जरा थांबून म्हणाल्या, "आता मागचं चांगलंसुद्धा आठवलं की राग येतो." त्यांचं हे दुसरं बोलणं माझ्या मनातून जात नाही. दुधात मिठाचा खडा सगळ्यांत शेवटी पडला, म्हणून काय वरचंच दूध नासतं? शेवट दुःखाचा असला तरी माणसं सोसतात, सुखाचा असला तरी मानून घेतात. पण ज्या प्रश्नासाठी ती इतका वेळ बसून राहिली, त्या प्रश्नालाच मागच्या दाराने घालवून दिलं, की त्यांना वाटतं, या लिहिणाऱ्याला पोहोचायचंच नव्हतं. आपण उगाच त्याच्याबरोबर इतकं चाललो.

तुला आपले शाळेतले गुरुजी आठवतात? दोन खोल्यांची शाळा, शनिवारचा शेवटचा तास, आणि त्या नावाड्याची गोष्ट. एका प्रवाशाला घेऊन नावाडी पलीकडे निघतो आणि एकटाच परत येतो. प्रवासी कुठे गेला, हे गाव त्याला विचारत राहतं. पावसाळ्यापासून गुरुजींनी ती गोष्ट अशी रंगवली होती की शनिवारी कुणाला ताप येत नसे. मग त्यांची बदली झाली. ट्रंक बांधून वर्गात आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "तर नावाडी जागा झाला, ते सगळं स्वप्न होतं. चला, रांगेने घरी!" आम्ही मोठी मुलं लवकर सुटलो म्हणून खूश. तू दुसरीत होतास. तू जागचा उठला नाहीस. म्हणालास, "गुरुजी, प्रवासी कुठे गेला?" ते हसले, तुझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेले. वाटभर तू दगडांना लाथा मारत होतास. मी म्हटलं, अरे, त्यांना शेवट सुचला नसेल. तेव्हा तू काय म्हणालास ते मी अजून विसरलो नाही. "सुचला होता. त्यांना माहीत होतं. सांगायचं नव्हतं." सात वर्षांचा होतास तू. पुढे या धंद्यात मी मोठमोठ्या लोकांचे लेख तपासले, पण फसलेल्या शेवटाचं इतकं नेमकं कारण मला कुणी सांगितलं नाही.

आमच्याकडे शेवटची नजर खालून वर टाकतात, शेवटच्या शब्दापासून उलटं. मजकुराच्या अर्थात मन गुंतलं की डोळा चूक ओलांडून पुढे जातो, म्हणून ही रीत. अशा शेवटावर सही कशी केली, म्हणून विचारणाऱ्या बाईंना मी तेच कारण सांगितलं. म्हटलं, उलटं वाचत होतो, शेवट काय आहे ते लक्षातच आलं नाही. त्यांनी मानलं. तुला मात्र खरं सांगतो. मला पहिल्या वाचनातच सगळं कळलं होतं. वायरमनने पेटी उघडली तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच भरात मी सही ठोकली. रोज घरी निघताना मी टेबलापाशी डोळे मिटतो आणि दिवस बिनचूक गेला म्हणून देवाचे आभार मानतो. काल तो 'बिनचूक' शब्द मनातल्या मनातसुद्धा म्हणता येईना. दोनदा प्रयत्न केला. मग उठलो आणि प्लेटच्या खोलीत गेलो.

आता ताईबद्दल. तुला न विचारता मी एक गोष्ट केली आहे, आणि ती आमच्या धंद्यात पाप समजतात. तुझी प्रुफं मी छापखान्याबाहेर नेली. दर रविवारी दोन-तीन प्रकरणं तिला वाचायला दिली. पहिलं प्रकरण वाचून ती पानांच्या कडा जुळवत बसली. पुढच्या रविवारी स्वतःच विचारलं, "आणलंस का रे?" तिच्याकडे तू जातोस तो पिशवी देऊन दारातून परततोस. पाठ टेकून तू तिच्या घरी कधी बसला नाहीस, म्हणून तुला तिच्या काही गोष्टी माहीत नाहीत. हॉस्पिटलच्या वॉर्डात तिला 'तीनदा सिस्टर' म्हणतात. ऑक्सिजनची कळ बंद केली की ती तीनदा परत येऊन बघते. नव्या पोरी थट्टा करतात, तीही हसते, आणि चौथ्यांदा बघून येते. परवा माझ्याकडून निघाली आणि बसस्टॉपवरून परत आली. तिच्या घरचा गॅस बंद आहे का, हे मला विचारायला! मी काय सांगणार कपाळ! चौतीस वर्षं ही बाई एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करते आहे. ते बटण तिने खाली केलं होतं की नाही. खाली केलं असं आधी वाटायचं, म्हणते. मग बाबांचा हात बघून बघून तिची स्वतःच्या आठवणीवरची खात्री गेली.

तेहेतिसाव्या प्रकरणात तू लिहिलं आहेस, की वीज गेलेली असताना ते बटण बोटाखाली कसं लागायचं. वरखाली करताना हलणाऱ्या दातासारखं सैल, आणि टक्-टक् आवाजाची गंमत वाटायची. हे तू पुस्तकातल्या बहिणीच्या आठवणीत घातलंस. ताईने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "मी कधी असं खेळत बसले नव्हते रे. याला कसं माहीत?" मी पाणी प्यायला उठलो. चाळिसावं प्रकरण वाचून झालं तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "पुस्तकात तरी कुणी सांगू दे बाई तिला." आज संध्याकाळी सहा वाजता ती शेवटचं प्रकरण वाचायला माझ्याकडे येणार आहे. त्यासाठी तिने रजा टाकली आहे. कधी आजारपणातही न टाकणारी!

तुला वाटलं असेल, वायरमनमुळे तिची सुटका होईल. मलाही क्षणभर तसं वाटलं. पण तेच बटण त्यानंतर अकरा वर्षं बाबांनी उरलेल्या बोटांनी वापरलं. ते एकदाही आपोआप उडालं नाही. हे ताईला तुझ्या-माझ्याइतकंच माहीत आहे. ती आठ पानं वाचून तिला एकच कळेल. धाकट्यानेही आपल्याला दोषी धरलं, आणि वर दया दाखवून पांघरूण घातलं. बाबांनी निदान दया तरी दाखवली नव्हती. तू नऊ वर्षांचा होतास. नऊ वर्षांच्या मुलाला कुणी फाशी देत नाही, धाकट्या. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने कागद हातात असताना तोंड फिरवलं, तर त्याला मात्र काय म्हणायचं, मला कळत नाही. आणि हे मी कुठल्या तोंडाने लिहितो आहे, ते आता सांगतो.

त्या दुपारी मी कारखान्याच्या मागच्या दारात होतो, खांद्यावर दोन फळ्या घेऊन. पंधरा वर्षांचा होतो, सगळं समजत होतं. ताईने बटण खाली केलेलं मी पाहिलं. ती आत गेल्यावर तू पेटीपाशी आलास, तेही पाहिलं. टक् वर, टक् खाली, टक् वर. वीज नव्हती, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. उलट हसू आलं. फळ्या ठेवायला मी मागे वळलो आणि बाबांची किंकाळी ऐकली. बाबांनी विचारलं, "बटणापाशी कोण होतं?" ताई म्हणाली, "मी." मी तोंड उघडलं नाही. आधी तुला मार बसेल म्हणून, मग माझ्यावर येईल म्हणून, आणि पुढे इतकी वर्षं गेली म्हणून. तू लिहायला घेतलंस तेव्हा वाटलं, आता हा सांगेल आणि मी न बोलता सुटेन. तू वायरमन आणलास तेव्हा वाटलं, बरं झालं, दोघेही सुटलो. आज मला तसं सुटायचं नाही. ती आठ पानं मी ताईला देणार नाही. तू काय छापावंस ते तू ठरव. तू चिठ्ठी दिलीस तर फॉर्म थांबेल, नाही दिलीस तर उद्या आठला यंत्र सुरू होईल. दुसऱ्याच्या लिहिण्यात मी आजवर हात घातला नाही आणि घालणारही नाही. पण सहा वाजता ताई आली की तिला समोर बसवून मी एवढंच सांगणार आहे, की तू बटण खाली केलं होतंस, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि चौतीस वर्षं गप्प राहिलो. त्यावर ती जे विचारेल ते तुला ठाऊक आहे. त्याचं उत्तर मी देणार नाही. ते देणारा तिथे बसलेला असावा, म्हणून हे पत्र लिहिलं. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन आला आहे. लगेच निघालास तर चारपर्यंत पोहोचशील.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
दादा