चित्रांचं घ्या, ग्लेनिसबाई!

रविवार, ३ मे

आणलं! दुरुस्तीचं पुस्तक — माझ्या लाल डबड्याचं! लेक नेरिस म्हणते, "आई, शुक्रवारच्या तपासणीत गाडी नापास झाली की थेट भंगारात. रडारड नको." बघतेच! ब्रेक मी स्वतः बदलणार.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, चिखलातल्या टेबलावर दोन पुस्तकं. एक कारखान्याचं — विटेएवढं जाड, नुसते आकडे. दुसरं चित्रांचं, काळ्या बोटांचे ठसे पडलेलं. मी वीट उचलली, तोच माझ्यासोबत आलेले आमच्या शेजारचे अल्विन म्हणाले, "चित्रांचं घ्या, ग्लेनिसबाई! ज्या पानावर तेल जास्त, ते काम लोकांनी खरंच केलंय." ब्रेकचं पान तर तळलेले मासे गुंडाळलेल्या कागदासारखं! घेतलं. घरी येईपर्यंत गाडी चालवताना मी गात होते. शेजारी अल्विन पुस्तक चाळत होते.

मंगळवार

प्रत्येक कामापुढे पान्यांची चित्रं. एक पाना म्हणजे नवशिक्यालाही जमेल, पाच म्हणजे नादी लागू नका. ब्रेकला तीन. चाक निघालं!! पण आधी कुठली स्प्रिंग काढायची? मी कुंपणावरून ओरडून अल्विनना विचारलं. ते म्हणाले, "चहा पिऊन येतो." तासाभराने आले आणि अगदी बरोबर सांगितलं! गाडीला बोट लावत नाहीत, पण माहीत सगळं. नखं कशी स्वच्छ राहतात कोण जाणे.

बुधवार

"बसवताना उलट क्रमाने करावे." एवढंच! हे लिहिणाऱ्याला एकदा माझ्या अंगणात आणून बसवायला हवं. सगळं बसवलं — एक स्प्रिंग हातात उरली. अल्विन म्हणतात, "उद्या सांगतो." उद्या!! परवा तपासणी!

गुरुवार

अल्विननी सकाळीच सांगितलं — स्प्रिंग हँडब्रेकच्या पट्टीमागची होती. सगळं पुन्हा उघडलं. बसली! अंगणात नाचले. नेरिस फाटकातून, "आई, लोक बघतायत गं!" बघू देत.

शुक्रवार, ८ मे

पास! धावत अल्विनच्या स्वयंपाकघरात गेले, किल्ली पुढे केली — "चला, आज तुम्ही चालवा. समुद्रावर!"

ते लाजून लालबुंद झाले. "मला येत नाही. कधी शिकलोच नाही."

टेबलावर तेच पुस्तक — पण माझं नव्हे, त्यांचं. चित्रांचं, कोरं करकरीत, ब्रेकच्या पानात बसचं तिकीट खुणेला.

"ते जाडं मला समजलं नसतं, ग्लेनिस. मग तुम्हाला सांगितलं काय असतं?"

मीच नेलं त्यांना समुद्रावर. सबंध रस्ताभर गप्प होते — मी!