जालन्यात ऐकलेलं दादाचं हसू

५ जानेवारी

आले एकदाची! फर्दापूरची लॉज मालकानं विकली, माझी काउंटरवरची नोकरी गेली, तेव्हा वाटलं होतं, संपलं सगळं. तेवढ्यात विश्वजीतदादाचा फोन आला. दिपे, सामान बांध आणि निघ, मला गल्ल्यावर बसायला घरचं माणूस पाहिजे म्हणला. स्वतः स्टँडवर घ्यायला आला. माझी पेटी खांद्यावर टाकून रिक्षावाल्यांशी थट्टा करत असा पुढं चालला, जशी माझी वरातच काढलीय.

हॉटेल शहरात, गारखेड्यात. नाव 'हॉटेल सखाराम', आमच्या वडिलांचं, अण्णांचं. आतली टेबलं एकाला एक लागत नाहीत. एक कुठल्या शाळेतलं, त्यावर पोरांनी कोरलेली नावं. एक शिंप्याकडून घेतलेलं. एकाचा पाय आखूड, खाली वीट. येसर आमटी, बाजरीची भाकरी, ठेचा, आणि कडुबामामाच्या मर्जीवर जे असेल ते. कडुबामामा पिशोरचे, अण्णांच्या वेळेपासूनचे आचारी. मला बघून म्हणले, "लई वाळलीस गं. बस आधी." दोन घास पोटात जाईपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही.

घर हॉटेलच्या मागंच. रूपावहिनीनं मला खिडकीची खोली दिली. खूश आहे मी.

९ जानेवारी

दादाचं बघत राहावं. दारात गिऱ्हाईक आलं की आत्याच्या घरचं कुणी आल्यासारखा उठतो. "या, या! आधी पाणी घ्या, मग भांडा." मग त्याचं ते हसणं. पोटातून सुरू होतं, वर चढतं आणि शेवटी खोकल्यात संपतं. लहानपणी अण्णांच्या चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायचा, त्या धुराचा खोकला आहे तो. हसला की येतोच.

आज एकानं अर्धी भाकरी ताटात टाकली आणि उठला. मी गल्ल्यावरूनच ओरडले, "बाजरी तुमच्या बापानं फुकट पिकवली का? बसा आणि संपवा." माणूस बिचारा बसला, संपवली. दादा हसून हसून लाल. म्हणला, आता खरं हॉटेल झालं.

माझा राग आमच्या भावकीत सगळ्यांना माहीत आहे.

१६ जानेवारी

संक्रांत झाली आणि दादानं तोंड उघडलं. हॉटेल 'तृप्तांगण'ला दिलं म्हणला. तीच ती गावोगावी निघालेली हॉटेलांची साखळी. इथल्या जालना रोडवर त्यांचं झाल्यापासून आपलं गिऱ्हाईक तिकडं वळलं, लढण्यापेक्षा त्यातलंच एक झालेलं बरं, असं त्याचं म्हणणं. पाटी काढायला माणसं आली, तेव्हा मला कळवलं!

मी त्याला नाही नाही ते बोलले. अण्णांचं नाव तू खाली उतरवलंस म्हणलं. तो मान खाली घालून ऐकत होता. वहिनी मधे पडली, ताई, त्यांनाही झोप नाही महिनाभर. मग खोलीत निघून आले. पण राग गेला नाही. जाणारही नाही.

२ फेब्रुवारी

ओळखू येत नाही. पिवळ्या खुर्च्या. कोपऱ्यात प्लास्टिकचा वड, त्याला प्लास्टिकच्या पारंब्या. भिंतीवर नऊवारीतल्या एका म्हातारीचा मोठा फोटो, ती कुणाची कोण, देव जाणे. दिवसभर एकच सनई. आमटी आता कारखान्यातून पाकिटात येते. तिचं नाव येसर नाही, 'गावरान करी'. पाकीट कापायचं, गरम करायचं, वर कोथिंबीर. कोथिंबिरीची पानं किती तेसुद्धा ठरलेलं.

कंपनीकडून सोनिया मॅडम आल्या आहेत. गोड बोलतात. मला कौतुकानं सांगत होत्या की नांदेड असो, नाशिक असो, डोळे बांधून तुम्हाला आमच्या कुठल्याही शाखेत बसवलं तर गाव ओळखता येणार नाही. मी विचारलं, ही काय मिरवायची गोष्ट आहे? माणूस एसटीत हाडं खिळखिळी करून दुसऱ्या गावाला जातो, ते गाव दुसरं आहे म्हणूनच ना? त्या हसल्या. त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत जातच नाही.

कडुबामामांनी आमटीचं पाकीट नाकाला लावलं आणि जमिनीवर आपटलं. "ह्याला मी आमटी म्हणनार नाय." घरच्या येसर मसाल्याचा डबा काखेत मारून पिशोरला निघून गेले. दादानं अडवलं नाही.

८ फेब्रुवारी

दादाचं चित्रीकरण चाललंय. सोनिया मॅडमना त्याचं स्वागत फार आवडलं. असं स्वागत सगळ्या शाखांत पाहिजे म्हणतात. त्याला रिकाम्या दारासमोर उभं करतात आणि नसलेल्या गिऱ्हाइकाला या या म्हणायला लावतात. हसा म्हणतात. पुन्हा हसा. थोडं खालून हसा. खोकला राहू द्या, खोकला छान आहे.

घरी येतो तेव्हा घसा बसलेला असतो. आज जेवताना वहिनीनं पोरांची काहीतरी गंमत सांगितली. मी हसले. दादानं नुसतं बघितलं.

१९ फेब्रुवारी

मला जालन्याच्या शाखेत शिकायला पाठवलं, गल्ल्यावरचं नवीन मशीन. आत शिरले आणि थबकले. तोच वड, तीच म्हातारी, तीच सनई. इतकं तेच की मी न विचारता आपली पाण्याची बाटली ठेवायला हात खाली घातला आणि तिथं कप्पा होता, आपल्याकडं असतो तिथंच. संताप आला. साठ किलोमीटर येऊन मी जागची हललेच नव्हते.

तेवढ्यात मागून दादा हसला.

मी वळले. म्हणलं, हा कसा काय आला इथं? दारात एक गोरा, बारीक, पंचविशीचा पोरगा उभा. गिऱ्हाइकाला म्हणत होता, "या, या! आधी पाणी घ्या, मग भांडा." आणि पुन्हा हसला. पोटातून वर, आणि शेवटी खोकला. दादाचा खोकला! जो चुलीपुढं कधी बसला नसेल, त्याच्या छातीत आमच्या अण्णांच्या चुलीचा धूर!

मी त्याची कॉलर धरली. हे कुठून घेतलंस म्हणून विचारलं. तो नम्रपणे म्हणाला की आपल्या भावना आम्ही समजू शकतो.

२० फेब्रुवारी

दादाला समोर बसवलं आणि हस म्हणलं. त्यानं तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच ठेवलं. आतून काही आलं नाही. मग तोंड मिटून मला म्हणाला, "क्षमस्व, ताई."

मला ताई. मी धाकटी. जन्मात त्यानं मला दिपेशिवाय हाक मारली नाही.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, ओरडत नाहीत, पानात पडेल ते खातात, अजून काय पाहिजे? तिचंही बरोबर असेल. मला आता सगळ्यांचाच राग यायला लागलाय.

२६ फेब्रुवारी

कडुबामामा परत आले असं शिवमनं सांगितलं. शिवम म्हणजे आपला वाढपी. मी धावत आत गेले. टोपी घातलेला एक उंच माणूस पाकिटं कापत होता. छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं, कडुबा. मामा माझ्या खांद्याला लागायचे. हा दाराच्या चौकटीला लागतो. मी शिवमला म्हणलं, हा कोण? तो म्हणाला, कडुबामामा. चेष्टा करत नव्हता. दादाला विचारलं, तोही तेच.

मग मी भर दुपारी, भरलेल्या हॉटेलात, जेवढं तोंड आहे तेवढं उघडलं. डोळे फुटले का तुमचे, ह्यो कडुबा नाय, माझ्या बापाच्या चुलीवर राबलेला माणूस मला वळखू येईना व्हय? असं खूप काही. गिऱ्हाइकांनी खाणं थांबवलं. मोबाइल वर केले. आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

सोनिया मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, किती खरं वाटतं तुमचं! घरच्यासारखं रागावणारी एक ताई आम्हाला प्रत्येक शाखेत हवीच होती.

२७ फेब्रुवारी

पिशोरला फोन लावला. मामांच्या सुनेनं उचलला. मामा घरीच आहेत म्हणाली, आता फार शांत झालेत. त्यांना फोनवर बोलावलं. आवाज तरण्या माणसाचा. मला विचारलं, आपली काय सेवा करू?

ठेवला फोन.

आता मी हॉटेलात तोंड उघडणार नाही. राग आला तर खोलीत येऊन इथं लिहीन. हे त्यांना मिळू द्यायचं नाही. दादाचं हसू नेलं, माझं हे नेऊ देणार नाही.

४ मार्च

सोपं नाही. माणसं मुद्दाम ताटात टाकून माझ्याकडं बघतात. मोबाइल तयार ठेवून. मी दात दाबून बसते. जबडा दुखतो.

संध्याकाळी दारात बूट काढले त्याचा आवाज आला. दादा आला म्हणून मी चहा टाकला. बाहेर आले तर खुर्चीत कुणीतरी परका बसलेला. दादाचा शर्ट. दादाचा मोबाइल. चपटं नाक, टक्कल. वहिनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत होती. पोरं अभ्यासाचं काहीतरी विचारत होती, बाबा बाबा करत.

तो हसला. हुबेहूब. खोकल्यासकट.

आणि वहिनीला किती बरं वाटलं! किती दिवसांनी हसलात म्हणाली.

५ मार्च

पोलीस चौकीत गेले. भाऊ हरवला म्हणलं. ते माझ्याबरोबर घरी आले. त्या माणसानं आधार कार्ड दाखवलं. फोटो त्याचाच. त्यांनी वहिनीला बाजूला घेऊन माझ्याबद्दल विचारलं. मला ऐकू येत होतं.

कुणाकुणाला मारू मी?

७ मार्च

दादाला शोधतेय. जालन्यात नाही. जालना रोडला नाही. उद्या पैठण.

८ मार्च

सापडला.

पैठणला, पिवळ्या खुर्च्यांमध्ये. तोच वड. पट्टीवर लिहिलेलं — अभय. मनगटावर कढईचा डाग तोच, माझ्यासमोर भाजला होता. दादा म्हणलं. तो म्हणाला, नमस्कार, तृप्तांगणात आपलं स्वागत. मी त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तो हसरा चेहरा करून उभा. लोक उठून उभे राहिले, मोबाइल घेऊन — मला त्याची पर्वा नव्हती, मी त्याला हलवत होते, अण्णांचं नाव घेत होते — आणि मधेच त्याचे ओठ थरथरले. अगदी हळू म्हणाला,

"दिपे, मला घरी ने."

मग पुन्हा नमस्कार. पुन्हा स्वागत.

हात धरून ओढत बाहेर आणला. फाटकात एक बाई स्कूटर घेऊन उभी. आमचे मिस्टर आहेत, सोडा त्यांना म्हणाली. पोरगी पुढं बसलेली. दादा मागं बसला. बसताना त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

गेले.

मी रस्त्यात उभी राहून किंचाळले. ओरडता येईल तेवढं ओरडले. काही ठेवलं नाही.

९ मार्च

ठेवायला पाहिजे होतं —

सकाळपासून राग शोधतेय. दादाची आठवण काढते. पाटी उतरवली ते आठवते. रडू येतं. राग येत नाही. जिथं असायचा, छातीत, तिथं गार. दात दाबून बघितले. नुसतेच दात.

कालपासून पैठणच्या स्टँडवरच बसलेय. मोबाइलवर मीच दिसते, ओरडताना. हजारो लोकांनी बघितलंय. खाली हसणारी तोंडं.

घरी जाते. वहिनीला ओरडून सांगायचं. ती ऐकेल. माझ्या आवाजाला भिते ती —

९ मार्च, दुपार

घरासमोर आहे. खिडकी उघडी.

आत एक बाई आहे. माझ्या खोलीतून बाहेर आली. माझी हिरवी साडी. केस पांढरे, माझ्याहून बरीच थोरली. त्या टकल्यानं भाकरी टाकली म्हणून त्याला झापतेय — बाजरी तुमच्या बापानं — माझ्याच तोंडचं, शब्द न् शब्द — वहिनी पोट धरून हसतेय. पोरं म्हणतायत, दिपाआत्या चिडली, दिपाआत्या चिडली —

काय चिडते ती. मला असं कधी —

नाही. आत जायचं. काय बोलायचं ते मनात पक्कं केलंय. लिहूनच ठेवते, विसरायला नको. वहिनी, मी दीपमाला. सखाराम अण्णांची पोरगी. दादा पैठणला आहे, त्याला आणायला चल. एवढंच. आधी शिवी, मग हे.

दार वाजवलं.

वहिनीनं उघडलं. कोण पाहिजे म्हणाली. ओळखलं नाही. मी तोंड उघडलं. शिवी जिभेवर होती, देवाशप्पथ, जिभेवर होती — मी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, नमस्कार, तृप्तां