पंचवीस वॉटचे आयर्न, वसुमतीसाठी

मी, वेणूबाई, कैलासवासी हणमंतराव सुलाखे यांची पत्नी, वय अंदाजे बहात्तर, धंदा रेडिओदुरुस्ती, राहणार चामराजपेट, बंगळूर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते सांगत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे तेवढे वाचता येतात, त्यावर घर चालले. शेजारची विद्या लिहून घेत आहे. ती पुण्याची, त्यामुळे माझी भाषा सुधारू पाहते. तिला तशी मुभा नाही.

१. राहते घर मुलगा अजित याला. मागच्या खोलीचे छप्पर गळते, तेही त्यालाच.

२. पोस्टातली शिल्लक सून अंजली हिला. तिने सतरा वर्षे माझा अळणी सारू-भात तक्रार न करता खाल्ला.

३. रस्त्याकडची दुकानाची खोली व कामाचे टेबल नात वसुमती, वय चौदा, हिला. खोली विकावी असे अजितचे मत आहे. "आई, पोरीच्या हाती सोल्डरिंगचं आयर्न देऊ नकोस. आमच्या हातांत ते कसब नाहीच," असे तो परवाही म्हणाला. म्हणूनच हे मृत्युपत्र. वसुमती सज्ञान होईपर्यंत खोली अंजलीने सांभाळावी, विकू नये.

४. वसुमतीने माझ्या यजमानांचे पासष्ट वॉटचे सोल्डरिंग आयर्न वापरू नये. तिच्यासाठी एसपी रोडवरून नवे आणावे. ते पंचवीस वॉटचे असावे, धरल्यावर मनगट खाली ओढले जाऊ नये. टोकाचा बिट बारीक आणि बदलता येणारा. वायर मऊ, प्लग तीन पिनांचा. दोन पिनांचे फुकट दिले तरी घेऊ नये. तापलेले आयर्न ठेवायला स्टँड आणि बिट पुसायला स्पंज सोबत घ्यावा. दुकानदार म्हणेल, "अक्का, मोठं घ्या, स्वल्पच जास्त पडतील." त्याला "सरी", म्हणजे बरं, म्हणावे आणि छोटेच घ्यावे. अगदी स्वस्तातलेही नको, त्याच्या बिटाला महिन्यात खड्डे पडतात. पहिला महिना वसुमतीने फक्त जुन्या तारा जोडाव्यात. गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावू नये.

५. पासष्ट वॉटचे आयर्न अजितला.

इथे विद्या थांबली. "आजी, अजितकाका तर त्याच्याकडे बघतही नाहीत. त्यांना कशाला?"

"का ते सांगते. तेही लिही."

अजित बारा वर्षांचा असताना शिकायला बसला. लाडाचा मुलगा, म्हणून मी दुकानातली सर्वांत भारी वस्तू त्याच्या हाती दिली. ते आयर्न जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंतल्या जाड पत्र्यासाठी होते. समोर होता गिऱ्हाइकाचा नवा ट्रान्झिस्टर. एकदा टेकवले आणि जास्तीच्या आचेने बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या सुटून वर आल्या. यजमान सगळ्यांदेखत म्हणाले, "हात आहेत का खुरं?" चूक कशाची, हे मला तेव्हाच कळले होते. पण गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचे बोलणे कसे खोडायचे, म्हणून मी गप्प बसले. अजित उठला, तो पुन्हा त्या टेबलाशी बसला नाही. एकतीस वर्षे तो आपल्या हातांना दोष देत आहे.

अजित, तुझे हात चांगले होते. आयर्न चुकीचे होते, आणि ते मी निवडले होते.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे तसे करू नये. अजितला आत्ताच बोलवावे.

वरील मजकूर विद्याने मला, साक्षीदारांना व अजितला मोठ्याने वाचून दाखवला. माझे सांगणे बरोबर उतरले आहे. अजितने चौथे, नव्या आयर्नचे कलम पुन्हा वाचायला लावले आणि खिशातल्या कागदावर उतरवून घेतले.

वेणूबाई हणमंतराव सुलाखे
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. डॉ. विश्वेश्वर रामदासी (सही)
२. चंपा गुजर (सही)

लिहून घेणार: विद्या श्रीकांत बापट (सही)

स्थळ: चामराजपेट, बंगळूर
दिनांक: ३ ऑगस्ट १९९६