मागच्या चाकाची आतली बाजू

१२ जानेवारी, रविवार

जमलं! पुढच्या रविवारी मी बसणार!

भाविकची पिवळी गाडी दारात आल्यापासून त्याचे झाडून सगळे मित्र तिच्यात बसून आले. मनोज तर दोनदा. सीटा दोनच, त्यामुळे नवऱ्याची स्पोर्ट्स कार आणि बायको गेटवर टाटा करायला! आज जेवताना सरळ विचारलं, "माझा नंबर कधी?" हसला. म्हणाला, "रविवारी पहाटे. तू नि मी. एक्स्प्रेसवेला लागलो का मग बघ!" अट एकच — आधी चाकं काढून धुवायची, मी मदत करायची. राहनाळच्या गोडाऊनच्या रस्त्यांनी त्या चाकांची पार रया गेली आहे. करीन म्हटलं. चाकंच काय, इंजिनसुद्धा धुवीन!

१३ जानेवारी, सोमवार

काय बघितलं आज!

सुरुवात मागच्या उजव्या चाकापासून. गाडी इतकी बुटकी की जॅकच खाली जाईना. मग गोडाऊनमधून लाकडी फळ्या आणल्या, गाडी त्यांवर चढवली, तेव्हा कुठे जागा झाली. नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असतानाच — नाहीतर पान्याबरोबर चाकच फिरतं. मी पान्याला अक्षरशः लोंबकळले. ढिम्म! भाविकने वर पाय दिला आणि नट कर्र करून सुटला.

मग गाडी उचलली, खाली स्टँड लावला. तरी चाक चिकटलेलंच. भाविकने बसून टायरला टाचेने दणका दिला तेव्हा निघालं. आणि आत — बाई गं! आपल्या परातीएवढी लोखंडी चकती, भोकाभोकांची, आणि तिला बाजूने धरून बसलेली ब्रेकची एक लाल पकड. एवढा वेग थांबवायचा तो एवढ्याशा पकडीने! मी हात लावला. थंडगार.

नंतर त्याने चाकाच्या धातूच्या रिंगवर पाण्यासारखं काहीतरी फवारलं. बघता बघता सगळीकडून जांभळे ओघळ! वास मात्र नासक्या अंड्यांचा. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगो बाय, रगात आलं त्या चाकाला!"

"रगात न्हाय आई, ब्रेकचा भुगा हाय लोखंडाचा," भाविक म्हणाला. त्या काही जवळ आल्या नाहीत. मी मात्र उकिडवी बसून सगळे ओघळ संपेपर्यंत बघत राहिले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सासूबाईंनी गाडीपुढेही तिळगूळ ठेवला. मुंग्यांची चंगळ!

१५ जानेवारी, बुधवार

भाविक कशेळीला कामाला गेला होता. माझ्या शिकवणीची मुलं घरी गेल्यावर मी एकटीने रिंगची आतली बाजू धुवायला घेतली. बाहेरून चकाचक झाली होती, पण आत नुसता काळा थर. ब्रशने, फडक्याने, शेवटी बोटांनी घासली. खालून जो रुपेरी रंग वर आला ना! असं काही आपण रोज चिखलातून फिरवतो?

मग काठाजवळ एक केस दिसला. माझाच असेल म्हणून नखाने काढायला गेले. निघेना. केस नव्हताच तो. रेघ होती.

भाविकला काही बोलले नाही. रंगाचा ओरखडा असेल. रविवार तोंडावर आलाय — मला काही दिसलेलं नाही!

१६ जानेवारी, गुरुवार

न राहवून दाखवली. "रंग हाय तो," म्हणाला. "ही रिंग परदेशातली हाय विनिता, तुझी कढई न्हाय." मला तेच ऐकायचं होतं. लगेच पटलं.

आणि चपात्या लाटताना दादा आठवले. टेमघरला पॉवरलूमवर, कापडाच्या मागांवर, मिस्त्री होते माझे वडील. बिडाच्या भागाला तडा गेल्याचा संशय आला की रॉकेल लावायचे, थोडं थांबून कोरडं पुसायचे, वर खडूची पूड. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीवर उमटतं, रंगाचा ओरखडा असेल तर काहीच नाही. लहानपणी मला ती जादू वाटायची.

खडू तर घरात आहेत. रॉकेल सासूबाईंनी जपून ठेवलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

केलं.

लावलं, पुसलं, खडूची पूड भुरभुरवली. पांढरी शुभ्र रिंग. काहीच नाही! मी मनातल्या मनात गाडीत जाऊनही बसले. आणि मग पुडीवर हळूच एक करडी रेघ उमटायला लागली. वळत वळत पुढे गेली. डोळ्यांना दिसली होती बोटभर, ही चांगली वीतभर! एवढा मोठा तडा एवढ्या सुंदर वस्तूच्या आत, आणि बाहेरून कळसुद्धा नये!

भाविकला बोलावलं. त्याने अंगठ्याने पुसलं. मी परत पूड टाकली. रेघ परत आली. नवी रिंग मागवायची तर दीड महिना लागेल म्हणाला.

"मनोज म्हनतो, लोक फिरतात अशा रिंगवर. हळू जाऊ."

"मनोज बसणार आहे का शेजारी?"

बिनसलंच! "मी रविवारी जानार म्हंजे जानार. तुला नको तर एकटा जाईन." आणि माझ्यासमोर चाक परत चढवलं, नट आवळले.

१८ जानेवारी, शनिवार

अबोला. सासूबाई एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

दुपारी उन्हात ते चाक असं चमकत होतं की नजर हटेना. त्याची भीती वाटते आणि बघावंसंही वाटतं. मला त्या गाडीतून जायचंय — अजूनही जायचंय! आणि भाविकने त्या चाकावर एक फर्लांगही जाऊ नये. त्याला काही झालं तर?

किल्ली लपवावी असं दहा वेळा मनात आलं. नाही लपवली. त्याचं त्याला कळू दे.

१९ जानेवारी, रविवार

जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. शेजारी भाविक नाही. चप्पल न घालता खाली धावले.

गाडी अंगणातच. चारी चाकं काढलेली. भाविक खाली फतकल मारून बसलेला, कोपरापर्यंत खडूने पांढरा, मांडीवर एक चाक. वर न बघताच म्हणाला, "विनिता, इकडं ये. पुढच्याला बी हाय. तुझ्या बाजूच्या."